घरचे कागद, घरचे फोटो: ही अमानत आपल्याच हाती कशी ठेवायची?

जून महिना आला की प्रत्येक घरात एकच धावपळ असते. दहावी-बारावीचे निकाल लागलेले असतात, प्रवेशाचे अर्ज भरायचे असतात आणि कपाटातली ती जुनी पिशवी खाली काढली जाते. जन्म दाखला सापडतो, पण त्यावरचं नाव आधारवरच्या नावाशी जुळत नाही. जातीचा दाखला काढायचा तर दादांचा शाळा सोडल्याचा दाखला हवा असतो. तो कुठे आहे? "चाचाकडे असेल", "मोठ्या फुफीच्या पेटीत होता", "पुरात गेला असेल" अशी उत्तरं मिळतात.

आम्ही शाळेत शिकवतो, त्यामुळे असे दाखले रोज हाताखालून जातात. आपल्या समाजात कागदांची गरज इतरांइतकीच आहे, पण अडचणी थोड्या जास्त आहेत. मोमीन, बागवान, तांबोळी, अत्तार, मणियार अशा अनेक बिरादऱ्या महाराष्ट्रात इतर मागासवर्गात येतात. त्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागितला जातो. म्हणजे साठ वर्षांपूर्वीचा कागद. तो बहुतेक घरांत एकच असतो, पिवळा पडलेला, घडीवर फाटलेला. त्यात एकाच माणसाचं नाव एका कागदावर 'महंमद', दुसऱ्यावर 'मोहम्मद' आणि तिसऱ्यावर नुसतं 'मो.' असतं. निकाहनामा उर्दूत, सातबारा मराठीत, पासपोर्ट इंग्रजीत.

हे सगळं आज आपण कुठे ठेवतो? मोबाईलमध्ये. आणि मोबाईल हरवतो, पाण्यात पडतो, दुरुस्तीला दिला की कोरा होऊन परत येतो. म्हणूनच या लेखात आपण हे पाहणार आहोत की घरातलाच एखादा जुना संगणक, घरचं वायफाय आणि फुकट मिळणारं मुक्त सॉफ्टवेअर वापरून घराचे कागद आणि फोटो आपल्याच ताब्यात कसे ठेवायचे. आणि हेही, की कुणी या फंदात पडू नये.

ऑनलाइन जागा आहे की, मग हे कशाला?

प्रश्न बरोबर आहे. डिजिलॉकर जरूर वापरा. २०१५ मध्ये सुरू झालेल्या या सरकारी सोयीत थेट खात्याकडून आलेला कागद मूळ कागदाच्या बरोबरीचा धरला जातो. पण दादांचा १९६४ चा उर्दू शाळेचा दाखला तिथे आपोआप येणार नाही. नानीच्या निकाहाचा फोटोही येणार नाही.

गूगलच्या खात्यात १५ जीबी जागा फुकट मिळते आणि ती मेल, फाइली आणि फोटो या तिन्हींसाठी मिळून असते. एक फोटो ४ एमबीचा धरला तर साधारण पावणेचार हजार फोटोंत ती भरते. पूर्वी फोटोंना वेगळी अमर्याद सवलत होती, ती १ जून २०२१ पासून बंद झाली. आणखी एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. दोन वर्षं कुणी उघडलंच नाही असं वैयक्तिक खातं गूगल हटवू शकतं. अब्बांच्या इंतकालनंतर त्यांच्या फोनमधलं खातं कोण उघडतं? त्यातले हजचे फोटो, त्यांचा आवाज, हे सगळं त्या खात्याबरोबर जाऊ शकतं.

व्हॉट्सअ‍ॅपवर ठेवलेला कागद हा तर ठेवलेला कागदच नव्हे. नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो दाबून लहान केला जातो. त्यामुळे बारीक शिक्का वाचता येईनासा होऊ शकतो.

आम्ही असं म्हणत नाही की ऑनलाइन जागा सोडून द्या. म्हणणं एवढंच की ती *एकमेव* जागा नसावी. एक प्रत अशी हवी की जी कुणाच्या अटी बदलल्या, पासवर्ड विसरला किंवा पैसे भरायचे राहिले तरी आपल्या घरात असेल.

मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे काय?

जे सॉफ्टवेअर कुणीही वापरू शकतो, आतून कसं चालतं ते पाहू शकतो, बदलू शकतो आणि दुसऱ्याला देऊ शकतो, ते मुक्त सॉफ्टवेअर. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये अमेरिकेत 'ग्नू' प्रकल्प जाहीर केला. १९९१ मध्ये फिनलंडच्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला. आज जगातले बहुतेक सर्व्हर याच पायावर चालतात. आपला अँड्रॉइड फोनसुद्धा लिनक्सच्याच गाभ्यावर चालतो.

एखाद्याने मोहल्ल्यात विहीर खोदावी, येणाऱ्या-जाणाऱ्याने पाणी प्यावं आणि ज्याला जमेल त्याने गाळ काढायला हात लावावा, असा हा प्रकार आहे. सदका-ए-जारिया हा शब्द ज्यांच्या घरात रोज ऐकू येतो, त्यांना ही कल्पना परकी वाटायला नको.

यात सचोटीचाही मुद्दा आहे. आपल्या कितीतरी घरांत आणि दुकानांत चोरीचं सॉफ्टवेअर बिनदिक्कत चालतं. 'क्रॅक' टाकून घेतलं की झालं. हे बेकायदा आहेच, शिवाय अशा क्रॅकमधून व्हायरस येतात ते वेगळंच. पत्र, हिशेब, प्रश्नपत्रिका यासाठी लिबरऑफिस फुकट आणि कायदेशीर आहे. उर्दूसाठी नोटो नस्तालीक हा सुंदर फाँट फुकट मिळतो. युनिकोडमध्ये टाईप केलेली उर्दू आणि मराठी कुठल्याही संगणकावर, फोनवर उघडते. जुन्या डीटीपी सॉफ्टवेअरमध्ये केलेल्या फाइली मात्र ते सॉफ्टवेअर नसेल तर वाचताच येत नाहीत. कागद आज जपायचा तर वीस वर्षांनीही उघडेल अशा रूपात जपावा. म्हणून फोटो जेपीजीमध्ये, कागद पीडीएफमध्ये आणि मजकूर युनिकोडमध्ये ठेवावा.

पहिलं काम: घराच्या दाराला कुलूप

घरात मौल्यवान वस्तू आणण्याआधी दार नीट करावं लागतं. घरच्या नेटवर्कचं दार म्हणजे वायफायचा राऊटर. नेट जोडणारा मुलगा येतो, डबा भिंतीला लावतो आणि जातो. त्यानंतर त्या डब्याकडे कुणी पाहत नाही. पुढची कामं कुणालाही करता येतील.

फोन वायफायला जोडून ब्राउझरमध्ये राऊटरचा पत्ता टाकायचा. तो बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो (आकडे इंग्रजी टाकायचे). राऊटरच्या खालच्या चिकटपट्टीवरही तो छापलेला असतो. आत गेल्यावर:

- राऊटरच्या आत शिरण्याचा पासवर्ड आधी बदला. हा वायफायच्या पासवर्डपेक्षा वेगळा असतो. 'अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन' तसाच ठेवलेला असला तर वायफायला जोडलेला कुणीही आत जाऊन काहीही बदलू शकतो.
- वायफायची सुरक्षा डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ ठेवा. पासवर्ड निदान बारा अक्षरांचा असावा. मोबाईल नंबर किंवा मुलाचं नाव नको.
- डब्ल्यूपीएस नावाची बटण दाबून जोडण्याची सोय असते, ती बंद करा.
- 'गेस्ट नेटवर्क' असेल तर सुरू करा. पाहुणे, शेजारची मुलं आणि स्मार्ट टीव्ही यांना तेच द्या. ईदला घर भरलेलं असतं, प्रत्येकाला मुख्य पासवर्ड देणं बरं नाही.
- सॉफ्टवेअर अपडेट दाखवत असेल तर करून घ्या.

घरात मुलं असतील तर अजून एक सोपी गोष्ट आहे. राऊटरमध्ये डीएनएस नावाची जागा असते. डीएनएस म्हणजे इंटरनेटची फोन डिरेक्टरी: नाव द्या, पत्ता मिळतो. तिथे १.१.१.३ आणि १.०.०.३ हे पत्ते टाकले तर क्लाउडफ्लेअर कंपनीची फुकट सेवा अश्लील आणि धोकादायक साइटींचे पत्ते देतच नाही. ही चाळणी आहे, भिंत नव्हे. मुलाने मोबाईलचा डेटा सुरू केला की ती निरुपयोगी ठरते. शिवाय काही राऊटरमध्ये नेट देणारी कंपनी ही जागा बदलू देत नाही. मुलांशी बोलणं, फोन कधी आणि कुठे वापरायचा हे ठरवणं, याला पर्याय नाही. पण लहान मुलाला चुकून काही दिसू नये एवढं काम ही चाळणी नक्की करते.

वायफाय पुढच्या खोलीत चालतं आणि आतल्या खोलीत नाही, ही तक्रार घरोघरी असते. ५ गिगाहर्ट्‌झचा पट्टा वेगवान असतो पण भिंतीतून कमी जातो. २.४ चा हळू असतो पण लांब जातो. राऊटर कपाटामागे, फ्रीजवर किंवा जमिनीवर न ठेवता घराच्या मध्यावर, उंचीवर ठेवा. आणि ज्या संगणकावर कागद ठेवणार आहोत तो वायफायने नव्हे, तर केबलने राऊटरला जोडा.

दुसरं काम: कागद गोळा करणं

यंत्र विकत घेण्याआधी हे करायचं. रिकाम्या पेटीला कुलूप लावून काय उपयोग?

एक रविवार ठरवा. घरातल्या सगळ्यांनी आपापले कागद आणावेत. जन्म दाखले, शाळेचे दाखले, गुणपत्रिका, निकाहनामे, मृत्यूचे दाखले, सातबारा, मिळकत पत्रिका, वीजबिलाची एखादी जुनी पावती, रेशनकार्ड, पासपोर्ट, जुनी मतदार यादी. फोनने फोटो काढण्यापेक्षा सपाट स्कॅनरवर स्कॅन करणं चांगलं. कागदासाठी ३०० डीपीआय आणि जुन्या फोटोंसाठी ६०० पुरेसं आहे. मागची बाजूही स्कॅन करा. कितीतरी शिक्के आणि शेरे मागेच असतात. बाहेरच्या दुकानात स्कॅन करून घेत असाल तर काम झाल्यावर तिथल्या संगणकावरून फाइल समोर उभं राहून काढून टाकायला सांगा.

फाइलला नाव देण्याची एकच पद्धत ठरवा: आधी साल, मग माणूस, मग कागद. उदाहरणार्थ, '१९६४-दादा-शाळा सोडल्याचा दाखला'. 'स्कॅन-००१७' असं नाव असेल तर तो कागद असून नसल्यासारखा.

याबरोबर एक तक्ता करा. डावीकडे घरातला माणूस, पुढे प्रत्येक कागदावर त्याचं नाव आणि जन्मतारीख जशी लिहिली आहे तशी. फरक कुठे आहे ते एका नजरेत दिसतं. मग अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी धावाधाव करण्याऐवजी दुरुस्ती वेळेवर करता येते. नाव बदलाची नोंद शासनाच्या राजपत्रातही करता येते. आमच्या अनुभवात हा एक तक्ताच घराला सगळ्यात जास्त उपयोगी पडतो. त्याला सर्व्हर लागत नाही, लिबरऑफिस पुरे.

उर्दू निकाहनामा किंवा दस्त असेल तर त्याखाली मराठीत चार ओळींचा सारांश लिहून ठेवा. घरात उर्दू वाचणारी शेवटची व्यक्ती दादी असेल, तर हे काम या वर्षीच करा.

तिसरं काम: यंत्र कोणतं?

'सर्व्हर' हा शब्द ऐकून घाबरू नका. जो संगणक सतत चालू असतो आणि इतरांनी मागितलेली फाइल देतो, तो सर्व्हर. घरासाठी तीन पर्याय आहेत.

*जुना लॅपटॉप.* आमच्या मते बहुतेक घरांसाठी हाच उत्तम. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबला. अनेक चांगले लॅपटॉप विंडोज ११ साठी चालत नाहीत म्हणून पडून आहेत. त्यावर लिनक्स छान चालतं. लॅपटॉपची बॅटरी असल्याने वीज गेली तरी तो लगेच बंद पडत नाही. मात्र बॅटरी फुगलेली असेल तर ती आधी काढून टाका, त्यात आगीचा धोका असतो.

*रास्पबेरी पाय.* तळहाताएवढा संगणक, २०१२ मध्ये इंग्लंडमधून सुरू झालेला. वीज फार कमी खातो.

*जुना डेस्कटॉप.* डिस्का जास्त बसतात, पण बिल वाढतं.

विजेचा हिशोब साधा आहे. दिवसरात्र चालणारा ५ वॅटचा पाय महिन्याला साडेतीन युनिटच्या आसपास घेतो. १५ वॅटचा लॅपटॉप सुमारे ११ युनिट घेतो. ५० वॅटचा डेस्कटॉप ३६ युनिट. आपल्या दराने गुणून पाहा.

जागेचं म्हणाल तर १ टीबीच्या डिस्कवर ४ एमबीचे सुमारे अडीच लाख फोटो मावतात. बहुतेक कुटुंबांना तेवढं पुरतं.

चौथं काम: त्यावर काय टाकायचं?

इथे उत्साहात माणूस दहा गोष्टी एकदम बसवतो आणि महिन्याभरात सगळं सोडून देतो. पायरीपायरीने जा.

*पहिली पायरी, सामायिक फोल्डर.* डेबियन किंवा उबुंटू बसवा आणि सांबा नावाच्या सॉफ्टवेअरने एक फोल्डर घरातल्या सगळ्यांना दिसेल असा करा. आज्ञा टाईप करायला नको वाटत असेल तर ओपनमीडियाव्हॉल्ट घ्या. ते ब्राउझरमधूनच चालवता येतं. फक्त ते स्वतःसाठी एक अख्खी डिस्क मागतं, तुमच्या फाइली दुसऱ्या डिस्कवर ठेवाव्या लागतात. राऊटरमध्ये जाऊन या यंत्राला कायमचा पत्ता देऊन ठेवा, नाहीतर राऊटर बंद-चालू झाल्यावर पत्ता बदलू शकतो आणि फोल्डर 'हरवतो'.

*दुसरी पायरी, फोटो.* इमिच हे सॉफ्टवेअर यासाठी आहे. फोनमध्ये त्याचं अ‍ॅप टाकलं की घरच्या वायफायमध्ये आल्यावर नवे फोटो घरच्या यंत्रावर जातात. प्रत्येकाचं खातं वेगळं. चेहरे ओळखून लावण्याचं कामही घरातल्याच यंत्रावर होतं, फोटो बाहेर कुठे जात नाहीत. घरातल्या बायका-मुलींचे फोटो परक्या ठिकाणी जाऊ नयेत असं अनेक घरांना वाटतं. त्यांना ही सोय मोलाची वाटेल. इमिचसाठी ८ जीबी मेमरी असलेलं यंत्र बरं.

*तिसरी पायरी, कागद.* पेपरलेस-एनजीएक्स स्कॅन केलेला कागद वाचून त्यातले शब्द शोधण्याजोगे करतं. छापील मराठी आणि इंग्रजी ते बऱ्यापैकी वाचतं. नस्तालीक वळणाची उर्दू, त्यातही हाताने लिहिलेली, यंत्राला नीट वाचता येत नाही. म्हणूनच वर तो मराठी सारांश लिहायला सांगितला.

याशिवाय लग्नाच्या जुन्या कॅसेटी फाइलींमध्ये करून घेतल्या असतील तर जेलीफिनने त्या टीव्हीवर पाहता येतात. पण हे सगळं नंतर. पहिली पायरी तीन महिने सुरळीत चालली की दुसरी चढा.

बाहेरगावच्या माणसाने कसं पाहायचं?

भाऊ पुण्यात, बहीण भिवंडीत, मुलगा कुवेतला. त्यांनाही हे कागद दिसायला हवेत. यूट्यूबवरचे अनेक व्हिडिओ सांगतात की राऊटरमध्ये 'पोर्ट' उघडा. ते करू नका. असं उघडं दार शोधत जगभरातून यंत्रं सतत फिरत असतात. शिवाय आपल्याकडे बऱ्याच कंपन्या अनेक घरांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देतात, त्यामुळे पोर्ट उघडूनही काम होत नाही.

सुरक्षित मार्ग म्हणजे खासगी बोगदा, म्हणजे व्हीपीएन. वायरगार्ड हे पूर्ण मुक्त सॉफ्टवेअर आहे, पण ते बसवायला थोडी माहिती लागते. टेलस्केल त्याच्याच आधारावर चालतं आणि दहा मिनिटांत जोडता येतं. घरगुती वापराला ते फुकट आहे. मात्र त्याचा जोडणी करून देणारा सर्व्हर कंपनीचा आहे, हे माहीत असू द्या.

आखातातल्या नातेवाइकांबाबत सावध राहा. संयुक्त अरब अमिरातीत व्हीपीएनच्या गैरवापराला जबर दंड आहे. आपला हेतू साधा असला तरी रोजी-रोटीसाठी गेलेल्या माणसाला अशा फंदात घालू नये. त्याला लागणारे चार कागद नेहमीच्या ऑनलाइन खात्यात ठेवून त्याला पाहायला द्या, एवढं पुरे. आणि आधार कुणाला पाठवायचंच असेल तर शेवटचे चारच आकडे दिसणारं 'मास्क्ड आधार' पाठवा.

सगळ्यात महत्त्वाचं: तीन प्रती

आता जे सांगतो ते या लेखातलं सगळ्यात मोलाचं आहे. बाकी विसरलात तरी चालेल.

२२ जुलै २०२१ ला चिपळूण आणि महाडमध्ये पाणी घरांच्या पहिल्या मजल्यापर्यंत चढलं. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. अशा दिवशी कपाटातले मूळ कागद आणि शेजारच्या टेबलावरचा सर्व्हर दोन्ही एकाच पाण्यात जातात. घरी सर्व्हर बसवला म्हणजे कागद सुरक्षित झाले, हा मोठा गैरसमज आहे.

नियम साधा आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, आणि त्यातली एक घराबाहेर.

पहिली प्रत घरच्या यंत्रावर. दुसरी एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर, जी महिन्यातून एकदा जोडायची, कॉपी करायची आणि काढून ठेवायची. तिसरी दुसऱ्या गावात, विवाहित बहिणीकडे किंवा भावाकडे. दर ईदला जाताना नवी डिस्क घेऊन जा, जुनी परत आणा. ईद कुणी विसरत नाही, म्हणून डिस्क बदलणंही लक्षात राहतं. प्रवासात डिस्क हरवली तर कागद परक्याच्या हाती जाऊ नयेत म्हणून व्हेराक्रिप्ट या फुकट सॉफ्टवेअरने तिला कुलूप लावा.

दोन गोष्टींत गल्लत होते. फोन आणि सर्व्हर 'सिंक' करणं म्हणजे प्रत ठेवणं नव्हे, कारण एकीकडे चुकून फाइल पुसली तर दुसरीकडूनही जाऊ शकते. आणि एका यंत्रात दोन डिस्का जोडीने चालवणं, ज्याला रेड म्हणतात, तेही प्रत ठेवणं नव्हे. वीज कडाडली, चोरी झाली किंवा व्हायरस आला तर दोन्ही एकदम जातात.

वर्षातून एकदा परीक्षाही घ्या. बाहेरच्या डिस्कवरून चार फाइली दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा. उघडून न पाहिलेली प्रत आहे की नाही, ते सांगता येत नाही.

हे कुणी करू नये?

सर्व्हर लावला की त्याचे अपडेट आले, डिस्क किती भरली, दुरुस्ती काय हवी हे पाहावं लागतं. महिन्यातून एखादा तास. घरात असा तास देणारं कुणी नसेल तर सर्व्हरच्या नादी लागू नका. दोन हार्ड डिस्का, एक घरी आणि एक बहिणीकडे, शिवाय डिजिलॉकर आणि एक ऑनलाइन खातं. एवढ्याने तुमचं नव्वद टक्के काम होतं. लक्ष न दिलेला सर्व्हर हा नसलेल्या सर्व्हरपेक्षा वाईट, कारण तो खोटा भरवसा देतो.

आणि ज्या घरात मुलगा किंवा मुलगी संगणक शिकत आहे, तिथे हे काम त्यांना द्या. पुस्तकातलं नेटवर्किंग त्यांना घरात हाताने करायला मिळेल. मुलींना मुद्दाम द्या. घराच्या कागदांची माहिती फक्त मुलांकडेच असते, म्हणून सासरी गेलेल्या मुलीला वारशाच्या वेळी स्वतःचाच कागद मागत फिरावं लागतं.

शेवटचं पान कागदाचंच

ज्याने हे सगळं बसवलं तो उद्या परगावी गेला, आजारी पडला किंवा अल्लाहने त्याला बोलावून घेतलं तर? म्हणून एक साधा कागद लिहा. यंत्र कुठे आहे, डिस्का कुणाकडे आहेत, पासवर्ड काय, कुठला कागद कुठल्या फोल्डरमध्ये. बंद पाकिटात घालून ते घरातल्या दोन व्यक्तींना माहीत असलेल्या जागी ठेवा. त्यातली एक बाई असावी.

घराचे कागद कुणा एकाचे नसतात. जो सांभाळतो त्याच्याकडे ती बाकीच्यांची अमानत असते आणि अमानत मागेल त्याला मागेल तेव्हा परत देता आली पाहिजे. या जुम्याला यंत्र नको, लिनक्स नको. फक्त ती पिशवी खाली काढा, नावांचा तक्ता करायला घ्या आणि राऊटरचा पासवर्ड बदला. बाकीचं पुढच्या महिन्यात.